फुटका खोका, आत माल नाही: भरपाई कोणी द्यायची?

तापीकाठ (चोपडा)

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने विहिरीवरच्या मोटरसाठी मोबाईल स्टार्टर मागवला. राजकोटचा विक्रेता, व्हॉट्सॲपवर फोटो बघून पसंत केला, साडेचार हजार आधीच पाठवले. शेतीची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला लाईट आली की बॅटरी घेऊन केळीच्या बागेतून विहिरीपर्यंत जायचं, त्यात बिबट्याची धास्ती. फोनवरून मोटर चालू झाली तर झोप तरी होईल, एवढाच हिशेब.

कुरिअरचा पोरगा शेताच्या रस्त्यावर भेटला, ओटीपी घेतला आणि गेला. खोका कोपऱ्यात चेपलेला होता. घरी उघडला तर आत थर्माकोलचे दोन तुकडे आणि वॉरंटी कार्ड. मी स्वतः तो खोका पाहिला. विक्रेत्याच्या नावाची छापील चिकटपट्टी, तिच्यावर एका बाजूने साधी खाकी पट्टी मारलेली. ती सोलली तर खालची छापील पट्टी ब्लेडने सरळ रेषेत कापलेली. लेबलवर वजन २.१ किलो. गावातल्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला, भरला ३४० ग्रॅम.

आता विक्रेता म्हणतो, 'मी माल कुरिअरला दिला, पावती तुम्हाला पाठवली, माझं काम झालं.' कुरिअरवाले म्हणतात, 'तक्रार पाठवणाऱ्यानेच करायची, तुम्ही आमचे ग्राहक नाही. आणि ओटीपी दिला म्हणजे माल मिळाला.' आमचा माणूस दोघांच्या मधे.

माझं मत सरळ आहे. पैसे विक्रेत्याने घेतले. कुरिअर त्याने निवडला, दर त्याने ठरवला, पावतीवर नाव त्याचं. तेव्हा आधी त्याने दुसरा स्टार्टर पाठवावा नाहीतर पैसे परत करावेत, आणि मग कुरिअरशी काय भांडायचं ते भांडत बसावं. ज्याचा त्या कुरिअरशी कागदाचाही संबंध नाही, त्या शेतकऱ्याला त्यांच्या कस्टमर केअरच्या दारात का उभं करायचं?

दाणाबाजार (जळगाव)

तापीकाठ भाऊ, तुमचा शेजारी खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पण मी स्वतः पंपाचे सुटे भाग पाठवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मालेगावपासून मेहकरपर्यंत माझं पार्सल जातं. 'आत काहीच नव्हतं' असा फोन मलाही येतो. त्यातले खरे किती, खोटे किती, हे मी दुकानात बसून कसं ओळखू? चेपलेल्या खोक्याचा फोटो कोणीही काढेल. ब्लेड प्रत्येकाच्या घरात असतं.

साडेचार हजाराच्या वस्तूत आम्हाला तीन-चारशे सुटतात. एक पार्सल असं गेलं की पुढची दहा-बारा फुकटात गेली समजा. आणि हेच गिऱ्हाईक भाव ठरवताना काय म्हणतं? 'भाऊ, कुरिअरचे वेगळे लावू नका.' विम्याचं नाव काढलं तर 'राहू द्या हो, काय होतंय!' मग झालं की सगळं आमच्या गळ्यात. खोका चेपलेला दिसत होता ना? मग ओटीपी दिलाच कशाला?

तापीकाठ (चोपडा)

विम्याचं त्याला कोणी विचारलंच नव्हतं. संपूर्ण चॅट मी वाचली आहे. 'भेज दिया, तीन दिन में मिल जाएगा', एवढाच निरोप.

भुसावळ जंक्शन

कुरिअरची फ्रँचायझी मी बरीच वर्षं चालवली, आता बंद केली. त्यामुळे आतलं थोडं सांगतो.

पहिलं म्हणजे त्या पोराला शिव्या देऊ नका. त्याला पार्सलमागे पैसे मिळतात, तेही पार्सल 'डिलिव्हर्ड' झालं तरच. कंपनीचा नियम असा की ओटीपी आधी, खोका उघडणं नंतर. गिऱ्हाईक म्हणालं 'थांब, उघडून बघतो', तर तो थांबूच शकत नाही. पिशवीत अजून चाळीस-पन्नास खोके असतात आणि पुढचं गाव दहा किलोमीटरवर. त्यामुळे दाणाबाजारवाले 'ओटीपी दिलाच कशाला' म्हणतात ते दुकानात बसून म्हणायला सोपं आहे.

दुसरं म्हणजे हा खोका वाटेत कापलाय. खाकी पट्टीचा रोल घेऊन मोटरसायकलवर कोणी फिरत नाही, तो हबमधे, म्हणजे माल उतरवून पुढे पाठवायच्या गोदामात, टेबलावर पडलेला असतो. राजकोटचा माल सुरतवरून नवापूर, धुळे करत जळगावला येतो. प्रत्येक ठिकाणी उतरवणं-चढवणं, रात्रपाळी, ठेकेदाराची रोजंदारीवरची माणसं. मोठ्या हबमधे सरकत्या पट्ट्यावरून जाताना वजन आपोआप नोंदलं जातं, कारण कंपनीला वजनावर बिल लावायचं असतं. २.१ किलोचा खोका कुठल्या स्कॅनला हलका झाला, हे कंपनीच्या सिस्टिममधे दिसतं. बघायची इच्छा हवी. आणि ती नोंद मागायचा हक्क पाठवणाऱ्याच्या खात्याला असतो, घेणाऱ्याला नाही. म्हणून मी तापीकाठच्या बाजूने.

फक्त विक्रेत्याचीही एक चूक सांगतो. खोक्यावर कंपनीचं नाव आणि वस्तूचं रंगीत चित्र होतं का? असेल तर त्याने चोराला जेवायचं आमंत्रणच दिलं. वरून साधा कोरा खोका घालायला पंधरा रुपये लागतात.

तापीकाठ (चोपडा)

होतं. चित्रासकट.

खान्देशी मानूस

पैसा बी गया, स्टार्टर बी गया, वर यास्नी दारावर चकरा मारा! हाऊ काय न्याय शे का भो?

बिबडेवाली (अमळनेर)

मी घरून ज्वारीचे बिबडे (वाळवणाचा प्रकार) आणि उडदाचे पापड पाठवते. पुणे, नाशिक, कधी सुरत. मला वाटतं तुम्ही सगळे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवताय. माल फुटणं वेगळं आणि माल नसणं वेगळं.

माझ्या बिबड्यांचा चुरा झाला तर ती बहुतेक वेळा माझी जबाबदारी. बिबडा किती नाजूक, हे मला माहीत आहे, कुरिअरला नाही. मी डब्यात घालायला हवा होता, मी पिशवीत घातला. अशा वेळी मी मुकाट्याने दुसरे पाठवते. पण डबा जाऊन नुसतं वेष्टन पोहोचलं, तर त्यात माझी पॅकिंग काय करणार? ती चोरी. ज्याच्या ताब्यात असताना झाली त्याने भरावी. एका गिऱ्हाइकाचे दोन डबे असेच गेले, आणि मी पैसे परत दिले तेव्हा घरात ऐकून घ्यावं लागलं की तू काय धर्मादाय उघडलाय का.

तेव्हापासून पार्सल काउंटरवर काट्यावर असतानाच फोटो काढते. आकडा आणि लेबल दोन्ही दिसले पाहिजेत. गिऱ्हाइकाला तो फोटो लगेच पाठवते आणि सांगते, हातात हलकं लागलं तर घेऊच नका. पण भाऊ, मोठा विक्रेता आणि मी, दोघांना एकच नियम लावू नका. त्याच्याकडे कुरिअरचं खातं आहे, त्यांचा माणूस त्याला सणाला मिठाई आणून देतो. माझा तर फोनही उचलत नाहीत.

जुना पोस्टमास्तर (धुळे)

'पोस्टाने पाठवा, सरकारी आहे' असं आता कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. पोस्टाची जबाबदारी उलट सगळ्यात कमी आहे. १८९८ च्या कायद्यात टपाल हरवलं, उशिरा आलं, खराब झालं तरी सरकार बांधील नाही अशी तरतूद होती. २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, त्यातही नियमांत सांगितली असेल तेवढीच जबाबदारी. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा मुद्दाम केलं तरच त्याला धरता येतं. स्पीड पोस्ट हरवलं किंवा आतला माल गेला तर भरपाई टपालखर्चाच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. साडेचार हजाराच्या स्टार्टरचा टपालखर्च धरा दीडशे, मिळणार तीनशे. पूर्ण किंमत हवी तर विमा उतरवून पाठवायचं, त्याचे पैसे वेगळे.

एक सोय मात्र आहे, ती लोकांना माहीत नसते. पार्सल फाटलेलं किंवा संशयास्पद दिसलं तर सही करण्याआधी 'ओपन डिलिव्हरी' मागायची. आम्ही गिऱ्हाइकासमोर वजन करायचो, खोका उघडायचो, आत काय निघालं ते लिहून दोघांच्या सह्या घ्यायचो. मग त्या कागदावर कोणी 'तुम्हीच काढलं असेल' म्हणू शकत नसे. खाजगी कुरिअरला हे करायला कोणी अडवलंय? वेळ जातो, एवढंच.

कोर्टाची पायरी (धुळे)

वकिली करते, ग्राहकांची प्रकरणं बघते. तापीकाठ, तुमचा निष्कर्ष मला पटतो, पण तुमची वाट इतकी सरळ नाही.

१९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ३९ बघा. विक्रेत्याने खरेदीदाराकडे पोहोचवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या हवाली केला, की सकृद्दर्शनी तो खरेदीदाराला दिला असं धरतात. राजकोटवाला नकळत हेच बोलतोय. पण त्याच कलमात पुढे आहे की मालाचं स्वरूप बघून वाहतूकदाराशी वाजवी करार करणं विक्रेत्याचं काम. ते त्याने केलं नाही आणि माल गेला, तर खरेदीदार 'मला माल दिलाच नाही' असं म्हणू शकतो. साडेचार हजाराची वस्तू किंमत न सांगता सगळ्यात स्वस्त दराने पाठवणं वाजवी आहे का, खरा वाद इथे आहे.

आता कुरिअर. पावतीमागच्या बारीक अक्षरांतल्या 'जबाबदारी १०० रुपयांपुरती' या ओळीला लोक हसतात. हसू नका. १९९६ मधे भारती निटिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या पावतीवरची अशी मर्यादा मान्य केली होती. मात्र ती सही पाठवणाऱ्याची होती. तुमच्या शेजाऱ्याने कशावरही सही केलेली नाही.

२००७ चा रस्ते वाहतूक कायदा कुरिअरलाही लागू आहे. किंमत जाहीर केली नसेल तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट. वाहतूकदाराच्या माणसांनी गुन्हा केला, म्हणजे चोरी वगैरे, तर तो जबाबदार. आणि कायद्याच्या भाषेत तो जबाबदार आहे पाठवणाऱ्याला. म्हणून 'तुम्ही दोघं बघून घ्या' हे विक्रेत्याचं उत्तर चालत नाही, चावी त्याच्याच खिशात आहे. बुकिंगपासून १८० दिवसांत कुरिअरला लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावाच उभा राहत नाही. हे त्याला आजच कळवा.

शेजाऱ्यासाठी: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. राजकोटला जायचं कारण नाही, जळगाव चालेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. विक्रेता आणि कुरिअर दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध करा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, पुष्कळदा तिथेच मिटतं.

दाणाबाजार (जळगाव)

मॅडम, पण पुराव्याचं काय? आता सगळे मोठे विक्रेते लिहितात, खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही. मीही लिहितो.

कोर्टाची पायरी (धुळे)

लिहा. तो तुमचा नियम, कायदा नाही. व्हिडिओ हा एक पुरावा झाला. कापलेली पट्टी, लेबलवरचं वजन, काट्यावरचं वजन हेही पुरावेच. तुम्ही व्हिडिओ नाही म्हणून तक्रार फेटाळली आणि हबची वजनाची नोंद मागवलीच नाही, तर आयोग तुम्हालाच विचारेल की का नाही मागवली.

भुसावळ जंक्शन

आणि घाई करा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कंपनी फार दिवस ठेवत नाही, त्यावर नवीन चढतं. विक्रेत्याच्या खात्यावरून मेल जाऊ द्या, त्यात ट्रॅकिंग नंबर, प्रत्येक स्कॅनची वेळ आणि वजन मागा. खोका टाकून देऊ नका, खाकी पट्टी तशीच ठेवा.

बिबडेवाली (अमळनेर)

शेजारच्या दादांना सांगा, काट्यावरच्या खोक्याचा फोटो किराणावाल्याच्या दुकानाची पाटी येईल असा काढा. आणि त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.

दाणाबाजार (जळगाव)

ठीक. त्या राजकोटवाल्याच्या जागी मी असतो तर अर्धे पैसे परत केले असते आणि विषय मिटवला असता. अर्धं नुकसान त्याचं, अर्धं गिऱ्हाइकाचं.

तापीकाठ (चोपडा)

अर्धं कशाबद्दल? त्याने अर्धा स्टार्टर मागवला होता का?

दाणाबाजार (जळगाव)

मग यापुढे मी किमतीतच विमा धरून भाव सांगणार. तेव्हा 'बाजूच्या दुकानात दोनशेने स्वस्त आहे' म्हणून फोन ठेवू नका.

तापीकाठ (चोपडा)

सांगा की. बिलावर वेगळी ओळ दाखवा, 'विमा इतके रुपये'. आणि ज्याला नको असेल त्याच्याकडून तसं लिहून घ्या. शेजाऱ्याला मी हा सगळा धागा वाचून दाखवला. तो म्हणतो, साठ-सत्तर रुपये जास्त मागितले असते तर मी दिले असते. उद्या सकाळी राजकोटला मेल करतोय, १८० दिवसांचं आणि स्कॅनच्या वजनाचं त्यात लिहितो. काय उत्तर येतं ते इथेच टाकतो.