मदत हवी आहे: आईचं डिप्रेशन की बी१२, थायरॉईड?

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, कोथरूडला आमच्याकडेच असते. दिवाळीपासून तिचं कशातच मन लागत नाही. दुपारभर पडून राहते, नातवाशीही धड बोलत नाही. डिप्रेशन म्हणून गोळी सुरू झाली, पण फारसा फरक नाही.

मला शंका येतेय ती वेगळीच. चालताना चप्पल पायातून निसटते आणि तिला कळतही नाही. तळपायाला मुंग्या येतात. या उकाड्यातही शाल लागते. आम्ही पूर्ण शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी ती बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेते, आणि त्यानेही बी१२ कमी होऊ शकतं. शेवटी रक्त तपासून घेतलं: बी१२ १४० म्हणजे कमी, आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) ११ म्हणजे जास्त. या दोन्हींमुळे माणूस असाच उदास, सुस्त होऊ शकतो.

आता आधी कोणाला दाखवू, फिजिशियनला, एन्डोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोन्सच्या डॉक्टरांना) की न्यूरॉलॉजिस्टला? बी१२ची इंजेक्शनं घेतल्यावर कोणाच्या घरी मूड खरंच सुधारला का, आणि किती दिवसांनी? डिप्रेशनची गोळी आम्ही आपल्या मनाने बंद करणार नाही. घरचे म्हणतात, वयामुळे होतं असं. मला ते अजिबात पटत नाही. कोथरूड-कर्वेनगर भागात वयस्कर माणसाचं नीट ऐकून घेणारे डॉक्टर माहीत असतील तर प्लीज सांगा.