मे मध्ये चिखलदरा, स्वस्तात कसं जमवायचं?

धरमपेठकर: आम्ही चौघं, त्यात आई ७६ ची, मे मध्ये तीन दिवस चिखलदऱ्याला जायचं म्हणतोय पण टॅक्सीवाल्याचा रेट ऐकूनच घाम फुटला. तुम्ही लोकं कसं करता?

एसटीप्रेमी: टॅक्सी काहून करता भाऊ, एसटीनं अमरावती-परतवाडा करत जा, ७५ वरच्यांना तिकीट फुकट अन् बायकांना अर्धं, फक्त आईचं ओळखपत्र विसरू नका. शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी रूमवाल्याशी घासाघीस तरी करता येते.

कूलरवाली: हाव, पण मे मध्ये दुपारी तिथंही ऊन असतंच बरं का, खरी मजा पावसात. आम्ही तर यंदा घरीच, गच्चीवर पांढरा चुना मारला, कूलरला वाळ्याच्या ताट्या लावल्या, वरची खोली झोपण्यालायक झाली बाप्पा! आता सोलर बसवायचं चाललंय, ३ किलोवॅटला केंद्राची ७८,००० सबसिडी आहे.

धरमपेठकर: चुन्यात फेविकॉल टाकलं का? आमचा मागच्या वर्षी पहिल्याच पावसात वाहून गेला.

कूलरवाली: थोडं टाकलं. पण आधी गच्ची घासून धुवा, पहिल्यांदा आम्ही तेच विसरलो होतो.