मदत हवी आहे: खऱ्या किनाऱ्यावरून काल्पनिक गाव उभं करताना

नमस्कार मंडळी. कादंबरी लिहितोय. त्यातलं बंदर काल्पनिक आहे, पण किनारा माझ्या पाहण्यातला, आणि तिथेच घोडं अडलंय.

इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीने इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्याचं काय केलं ते बघा. वेमथचं 'बडमथ' केलं, लुलवर्थच्या खाडीचं 'लुलविंड', पोर्टलंडचं 'आइल ऑफ स्लिंगर्स'. नावं बदलली, पण पोर्टलंडच्या दगडाच्या खाणी तशाच ठेवल्या, आणि १८९७ च्या कादंबरीत नायकही तिथल्याच खाणवाल्याचा मुलगा, शिल्पकार. म्हणजे दगडातूनच माणसाचा धंदा आला, धंद्यातून स्वभाव. मला हे फार आवडतं. (कादंबरीला नकाशा जोडायची हार्डीची हौसही.)

माझी अडचण अशी. कथेसाठी मला दीपगृह सरकवून खाडीच्या तोंडाशी आणायचंय. तेवढं चालून जाईल. पण एका प्रसंगात पौर्णिमेच्या रात्री, बरोबर पूर्ण ओहोटीच्या वेळी, पात्रं वाळूवरून पलीकडे चालत जातात. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत एखाद्या किनाऱ्यावर पूर्ण ओहोटी साधारण ठराविक वेळांनाच येते, हे समुद्राकाठच्या वाचकाला पक्कं ठाऊक असतं. मग भरतीचं वेळापत्रक खऱ्या किनाऱ्याचंच पाळावं, की गाव काल्पनिक म्हणून सूट घ्यावी?

ज्यांनी असं लिहिलंय त्यांनी सांगा: काय हलवलंत, कशाला हात लावला नाहीत? आणि ओळखीच्या वाचकांनी जागा ओळखून चुका काढल्या का?