बँकेतली नोकरी सोडून योगशिक्षिका व्हावे का?

पहाटवारा
नमस्कार. मी पुण्यात एका खासगी बँकेच्या कर्ज विभागात काम करते. चाळिशी ओलांडली आहे, मुलगी दहावीत आहे आणि घराचे हप्ते चालू आहेत. पाठदुखीसाठी सुरू केलेला योगवर्ग आता माझ्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा भाग झाला आहे, आणि योग व माइंडफुलनेस (म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचे ध्यान) शिकवणे हाच पुढच्या आयुष्याचा व्यवसाय असावा असे मनापासून वाटते. राजीनामा द्यावा, ऋषिकेशला महिनाभर राहून योगशिक्षकाचा २०० तासांचा अभ्यासक्रम करावा आणि परतल्यावर वर्ग सुरू करावेत, असा विचार आहे. एवढी तयारी पुरेशी होईल का, आणि तेवढ्यात ध्यान शिकवण्याचीही पात्रता येते का? अनुभवी मंडळींनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

नदीकाठ
२०० तासांचा आकडा जगभर रूढ झाला तो मुख्यतः योगा अलायन्स या अमेरिकी संस्थेच्या नोंदणीमुळे. ती खासगी संस्था आहे. तिच्याकडची नोंद परदेशातल्या स्टुडिओंमध्ये उपयोगी पडते, पण तो शासकीय परवाना नव्हे. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या पुढाकाराने स्थापन झालेले योग प्रमाणन मंडळ आहे. त्याच्या योजनेत लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, त्यापुढे टीचर अँड इव्हॅल्युएटर अशा चढत्या पायऱ्या आहेत.

पुण्यात राहणाऱ्याने शिकण्यासाठी ऋषिकेशच गाठावे असे मात्र मला वाटत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेले कैवल्यधाम लोणावळ्यात आहे, आणि आसन-प्राणायामाचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचे काम तिथे तेव्हापासून झाले आहे. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट तर १९१८ची. तुमच्याच शहरात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची संस्था आहे. त्या परंपरेत काही वर्षे नियमित शिकल्याशिवाय आणि अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली तयारी केल्याशिवाय शिक्षकपदाच्या परीक्षेला बसता येत नाही. हा काळ लांब वाटेल, पण नोकरी सांभाळून तो काढता येतो, आणि तुमच्या परिस्थितीत मला हीच मोठी सोय वाटते.

देवडी
मी पूर्वी औषध कंपनीत होते, आता पूर्णवेळ योगवर्ग घेते. प्रमाणपत्राबद्दल वर नीट लिहिले आहेच. माझ्या मते खरी अडचण त्याच्या पुढे येते. स्वतः उत्तम आसन करणे आणि दुसऱ्याचे शरीर वाचणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे कौशल्य महिनाभरात येत नाही, कारण अशा अभ्यासक्रमांत आपण बहुधा आपल्यासारख्याच हौशी, धडधाकट सहाध्यायांवर सराव करतो. वर्गाला प्रत्यक्षात कोण येते? मधुमेह असलेले काका, गुडघे दुखणाऱ्या आजी, बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी आलेली मुलगी. वीरभद्रासनात, म्हणजे पाय लांब फाकवून पुढचा गुडघा वाकवून उभे राहताना, एखाद्याचा पुढचा गुडघा आत अंगठ्याकडे कलतो, मागच्या पावलाची बाहेरची कड सतरंजीवरून सुटते, जबडा आवळला जातो आणि श्वास अडकतो. हे सगळे एका नजरेत दिसले पाहिजे आणि त्यांतले आधी काय सुधारायचे हे तेवढ्यात ठरवता आले पाहिजे.

काय करू द्यायचे नाही, याचे ज्ञान तर त्याहून आवश्यक आहे. काचबिंदू असलेल्याला शीर्षासन देऊ नये, कारण उलट्या स्थितीत डोळ्यांतला दाब वाढतो. हाडे ठिसूळ झालेल्या बाईंना पाठ गोल करून जोराने पुढे वाकायला लावले तर मणक्याला इजा होऊ शकते. उच्च रक्तदाब असेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, टाळावा. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाची प्रकृती लेखी विचारून घ्यावी; ‘काही त्रास नाही’ या तोंडी उत्तरावर विसंबू नये. माणसे गोळ्या चालू असूनही तसे सांगतात.

शांतवन
ध्यानाविषयी. माइंडफुलनेसचा आज सर्वांत परिचित असलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केला. तो शिकवण्याचे प्रशिक्षण स्वतंत्र आहे आणि स्वतःची दीर्घ साधना ही त्याची पूर्वअट आहे. इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर अवश्य करा, पण ते साधकासाठी असते. ते पूर्ण केल्याने विपश्यना शिकवण्याचा अधिकार मिळत नाही, आणि त्या परंपरेत शिबिराचे शुल्कही घेतले जात नाही. योगाच्या २०० तासांत ध्यानाला जेवढा वेळ मिळतो, त्यावर दुसऱ्याला अर्धा तास डोळे मिटून बसवण्याची जबाबदारी मी तरी घेणार नाही. मानसिक आघातातून गेलेल्या किंवा नैराश्य असलेल्या व्यक्तीची अस्वस्थता शांत बसल्यावर कधी कधी वाढते. अशा वेळी डोळे उघडायला सांगणे, पाय जमिनीला टेकल्याची जाणीव करून देणे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हे शिक्षकाला जमलेच पाहिजे. गोळ्या बंद करण्याचा सल्ला कधीही देऊ नये.

देवडी
पैशांबद्दल राहिले. वर्ग सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर भरतात, म्हणजे घरच्यांना तुम्ही हव्या असता नेमक्या त्याच वेळी. मे महिन्यात आणि गणपती-दिवाळीत पटावरची संख्या निम्म्यावर येते, सभागृहाचे भाडे मात्र तेवढेच राहते. हप्ते चालू असताना आणि मुलगी दहावीत असताना राजीनामा देऊ नये, असे मी स्पष्टच सांगते. शनिवार-रविवारी सोसायटीत एखादा वर्ग घेऊन पाहा.

पहाटवारा
सर्वांची अत्यंत आभारी आहे. राजीनाम्याचा विचार पुढे ढकलते. आमच्या बाईंच्या वर्गात मदतनीस म्हणून उभे राहू देण्याची विनंती केली तर ते वावगे ठरेल का?

देवडी
मुळीच नाही, बहुतेक शिक्षकांना ते आवडते. सुरुवातीला ठोकळे, पट्टे आणि घोंगड्या मांडण्याचेच काम मिळेल, ते आनंदाने करा. बाई कोणाला काय देतात आणि कोणाला मुद्दाम देत नाहीत हे पाहत राहा, आणि वर्ग संपल्यावर त्यामागचे कारण विचारा. त्यांनी सांगितल्याशिवाय कोणालाही हात लावून दुरुस्त करू नका.