आतड्यातलं आयजीए
वरच्या प्रतिसादात म्हटलंय, की आतड्यातली प्रतिकारशक्ती म्हणजे जंतू दिसला की मारायचा. तसं असतं तर आतडं कायम सुजलेलंच राहिलं असतं! जंतू आणि आपल्यामध्ये तिथे पेशींचा एकच थर असतो, तोही दर ३ ते ५ दिवसांनी नवा होणारा. खरी कमाल आयजीए या प्रतिपिंडाची (अँटीबॉडीची). शरीरात रोज सर्वांत जास्त तयार होणारं प्रतिपिंड हेच. ते आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरात, म्हणजे श्लेष्मात, उतरून जंतूंना चिकटतं, त्यांचे पुंजके करतं, भिंतीपर्यंत पोचू देत नाही, आणि हे सगळं फारसा दाह न होता. लहान आतड्याच्या भिंतीत प्रतिकारपेशींचे पुंजके असतात, त्यांना पेयर्स पॅचेस म्हणतात. त्यांच्यावरच्या एम पेशी तर जंतूंचे नमुने मुद्दाम आत घेऊन खालच्या प्रतिकारपेशींपुढे ठेवतात. कुणाविरुद्ध आयजीए बनवायचं हे बरंचसं तिथेच ठरतं. म्हणूनच सरसकट 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला मला पटत नाही. क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारात आतड्यातली प्रतिकारयंत्रणाच नको तितकी पेटलेली असते.