प्रश्नमंजूषेचे दोन गुण

देशपांडे बी-४०३: सेक्रेटरी, काल रात्री ‘ऑर्डर ऑफ मेरिट कधी सुरू झाली’ याचं आमचं १८३७ चूक का धरलं? आमचे २ गुण कुठे गेले? दरवर्षी बी विंगच्याच तोंडाला पानं पुसायची का?

सानेकाकू ए-१०२: देशपांडे, गणपतीत तरी नको हो 🙏

कदम (सेक्रेटरी): साहेब, उत्तर १९०२ आहे. ब्रिटनचा राजा सातव्या एडवर्डने हा सन्मान सुरू केला. एका वेळी २४ च सभासद. राजा स्वतः निवडतो, पंतप्रधानाला विचारत नाही.

रोहन सी-६०४: आपली कमिटी अशीच निवडतात ना 😂

कदम (सेक्रेटरी): रोहन, तुझा मेंटेनन्स थकलाय.

देशपांडे बी-४०३: विषय बदलू नका. १८३७ ला ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी शिपायांच्या शौर्यासाठी काढली तिचं नाव काय होतं? ऑर्डर ऑफ मेरिट! १९०२ ला राजाला तेच नाव हवं झालं, म्हणून आपल्या पदकामागे ‘इंडियन’ चिकटवलं. घरमालकालाच पोटभाडेकरू केलं. २ गुण द्या.

सानेकाकू ए-१०२: पण प्रश्नात ‘ब्रिटिश राजाने दिलेली’ असं स्पष्ट होतं. मी पहिल्या रांगेत होते. कंपनी म्हणजे राजा नव्हे.

शेख बी-२०१: स्टिल्टमध्ये पांढरी गाडी कोणाची? टँकर आत येत नाहीये.

देशपांडे बी-४०३: राजाने हिंदी शिपायांना १९११ पर्यंत व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या, दारात उभं केलं नव्हतं. तोवर त्यांच्यासाठी हेच सर्वोच्च. सारागढीच्या लढाईतल्या २१ शीख जवानांना १८९७ मध्ये हेच मिळालं. त्यांचं पदक खरं नव्हतं का?

कदम (सेक्रेटरी): कोण नाही म्हणतंय? प्रश्न वेगळा होता.

बापट आजोबा ए-३०१: एडवर्डच्या यादीत पहिली स्त्री फ्लॉरेन्स नाइटिंगेल, १९०७. आपले राधाकृष्णन १९६३ ला मानद सभासद, मदर तेरेसा १९८३ ला. मुंबईत जन्मलेल्या लेखक किपलिंगने मात्र नको म्हणून कळवलं.

रोहन सी-६०४: काका, तुम्हीही २ गुण नको म्हणून कळवा. वजन वाढेल 😂

देशपांडे बी-४०३: नाकारायला आधी मिळावे लागतात. २ गुण द्या.

शेख बी-२०१: पांढरी गाडी!!

कदम (सेक्रेटरी): बरं, प्रश्न रद्द करतो. मग ए आणि बी बरोबरीत. सानेकाकू, पहिल्या बक्षिसाचा स्टीलचा डबा ऑफिसात आणून द्याल का?

सानेकाकू ए-१०२: त्यात चकल्या भरल्यात. देणार नाही.