कोल्चा भरतकाम: टाका कसा घालावा, आणि संतांची चित्रे कितपत जुनी?

सुईनेढे (कोथरूड, पुणे):

नमस्कार. मी गेली अठरा वर्षे घरी भरतकामाचे वर्ग घेते. नाना पेठेतील सिटी चर्चला जाणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने घरातल्या लहान वेदीवर अंथरण्यासाठी वस्त्र भरायला घेतले असून, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील कोल्चा पद्धतीने त्यावर ग्वादालुपेची मारिया (येशूच्या आईचे मेक्सिकोत पूजले जाणारे रूप) भरावी, अशी तिची इच्छा आहे. त्या प्रदेशात १५९८ पासून स्पेनची वसाहत होती आणि तिथल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांत हे लोकरीचे भरतकाम आजही चालते, एवढे मला ठाऊक आहे.

मी हातमागाच्या सुती कापडावर, तुळशीबागेतून आणलेल्या विणकामाच्या लोकरीने, तळहाताएवढे एक फूल भरून पाहिले. रिंगमध्ये ताणलेले असेपर्यंत ते देखणे दिसत होते. रिंग काढताच कापड भाजलेल्या पापडासारखे आकसले. शिवाय लांब टाक्यांत माझीच बांगडी दोनदा अडकली. माझे काय चुकते आहे? दुसरे असे की, पोर्तुगीजांसाठी बंगालमध्ये भरलेल्या रजयांनाही ‘कोल्चा’ म्हणतात असे वाचले. ही कला तीच का? आणि संतांच्या प्रतिमा भरणे हा तिथला जुना प्रघात आहे का? विद्यार्थिनीला चुकीचे काही सांगायचे नाही, म्हणून विचारते.

उलटीबाजू:

ताई, चूक टाक्यापेक्षा लोकरीत अधिक आहे. आपण आणलेली लोकर बहुधा अॅक्रिलिकची असावी. ती भरताना ताणली जाते आणि रिंग काढताच मूळ लांबीवर येऊ पाहते, त्यामुळे कापडालाही आपल्याबरोबर ओढून घेते. मूळ काम तिकडच्या चुर्रो जातीच्या मेंढीच्या हातकताईच्या लोकरीत होते. ही लोकर लांब तंतूची, कमी चिकट आणि फारशी न ताणणारी असते. कापडही त्याच लोकरीचे, साध्या विणीचे असे; त्याला ‘साबानिया’ म्हणतात. आपल्याकडील घोंगडीची लोकर वापरावी असा मोह मला झाला होता, परंतु दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ असल्याने सुईच्या नेढ्यातून चार वेळा ओढली की विस्कटते. बारीक, घट्ट पिळाची शुद्ध लोकर मिळेल तिथून घ्यावी.

आता टाका. जरीकामात जर वर आडवी ठेवून वेगळ्या दोऱ्याने ती बांधतात, हे आपण जाणताच. कोल्चात बांधणारा दोरा वेगळा नसतो. पाकळीच्या एका कडेला सुई वर काढावी, दुसऱ्या कडेपर्यंत एक लांब टाका टाकावा, आणि परत येताना त्याच दोऱ्याने त्या टाक्यावरून लहान तिरके टाके घालत तो कापडाला बांधून आणावा. पुढचा लांब टाका त्याला खेटून. आपली बांगडी अडकली, याचा अर्थ बांधणीचे टाके फार दूर पडले आहेत. ते अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास ठेवून पाहावेत. लांब टाका ओढून ताणू नये, कापडावर नुसता निजू द्यावा.

तपासायचे असेल तर काम उलटे करून पाहावे. कसुतीत उलट आणि सुलट बाजू सारखी यावी यासाठी आपण जीव टाकतो. इथे मात्र मागे जवळजवळ काहीच दिसता कामा नये, फक्त लहान लहान ठिपके. मेंढी पाळायची, लोकर कातरायची, पिंजायची, कातायची आणि रंगवायची, एवढे सगळे ज्या घरात होत असे, तिथे कापडाच्या मागे लोकर वाया घालवणे कोणाला परवडणार?

बखरवाचक:

बंगालच्या रजयांचा प्रश्न आधी निकालात काढतो. ‘कोल्चा’ या शब्दाचा अर्थ स्पॅनिश आणि पोर्तुगीज, दोन्ही भाषांत पलंगावरचे पांघरूण एवढाच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत सातगावच्या परिसरात पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी भरलेल्या रजया सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाने, मुख्यतः साखळी टाक्याने केलेल्या असत. नाव एक, हात वेगळा. (भारताचा धागा मात्र दुसऱ्या वाटेने तिकडे पोहोचला असावा: न्यू मेक्सिकोतील जुन्या कामावरच्या फुलवेलींवर आपल्याकडच्या छिटांची छाप आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.)

प्रतिमांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. साबानियावर सगळी पार्श्वभूमी लोकरीने झाकून टाकणारे काम हा जुना प्रकार. १८२१ मध्ये सांता फे मार्ग (अमेरिकेतून न्यू मेक्सिकोतील सांता फे शहराकडे येणारा रस्ता) व्यापारासाठी खुला झाल्यावर गिरणीचे सुती कापड येऊ लागले. मग पार्श्वभूमी मोकळी सोडून फक्त नक्षी भरण्याची रीत पडली. हे दोन्ही प्रकार चर्चमध्ये वेदीसाठी वापरले जात, परंतु त्यांवर प्रामुख्याने फुले, वेली आणि भौमितिक आकृत्या असत. म्हणजे वस्त्र पवित्र ठरे ते वापरामुळे, चित्रामुळे नव्हे. संतांची चित्रे लाकडी फळ्यांवर रंगवली जात आणि मूर्ती कोरल्या जात. ते काम ‘सांतेरो’ कारागिरांचे होते.

कापडावर संत ठळकपणे आले ते १९३०च्या दशकात. ताओसजवळच्या कार्सन गावातील काही मॉर्मन (अमेरिकेतील एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबांनी जुन्या साबानियाचे तुकडे आणि जुन्या वस्त्रांची उसवलेली लोकर वापरून संत, धर्मोपदेशक अशी चित्रे भरली आणि विकली. साहित्य जुने असल्यामुळे पुढे त्यांतील कित्येक वस्त्रे शतकभर जुनी समजली गेली. त्याच सुमारास, सांता फे येथे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश कलोनियल आर्ट्स सोसायटीमुळे आणि तिच्या बाजारामुळे या कलेला नवे गिऱ्हाईक मिळाले. ‘स्पॅनिश वसाहतकालीन’ ही पाटी म्हणूनच जपून वाचावी. सुती कापडावरचे बरेचसे काम स्पेनची सत्ता संपल्यानंतरचे आहे.

गावदेवी:

बखरवाचक यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु त्यावरून आजचे संत खोटे ठरत नाहीत. कोलोरॅडोतील सान लुईस खोऱ्याच्या जोसेफिन लोबातो यांना २०१९ मध्ये अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप (लोककलाकारांचा राष्ट्रीय सन्मान) मिळाली, ती याच टाक्यासाठी. त्यांनी आपल्या खोऱ्यातील धार्मिक प्रथा, गावचा इतिहास आणि ऐकीव कथा कापडावर भरल्या. न्यू मेक्सिकोतील व्हियानुएवा या लहानशा गावच्या बायकांनी तर गावाचा इतिहास सांगणारी सुमारे २६५ फूट लांबीची पट्टी भरून आपल्या चर्चमध्ये लावली आहे. मारिया भरणारी मुलगी स्वतः श्रद्धेने भरते आहे. तिला अडवू नये.

सुईनेढे:

सर्वांचे मनापासून आभार. शुद्ध लोकर मिळवून काल रात्री तेच फूल पुन्हा भरले. लांब टाका सैल सोडायची सवय हाताला नाही, त्यामुळे पहिल्या दोन पाकळ्या उसवाव्या लागल्या. तिसरी मात्र सपाट बसली, आणि उलट्या बाजूला मुंग्यांची रांग असावी तसे ठिपके दिसले. विद्यार्थिनीला दोन्ही बाजू सांगितल्या. मारिया मध्यभागी राहील, भोवती जुन्या पद्धतीच्या वेली येतील, आणि पुढे कोणाची गल्लत होऊ नये म्हणून कोपऱ्यात ‘पुणे’ आणि चालू साल त्याच लोकरीने भरायचे, असे तिनेच ठरवले आहे.